गुडघ्यांवरचा संदेश

आमच्या घरी साखरेला कधी तोटा पडला नाही, आणि साखर खाणारं घरात कुणी नव्हतं. यांना मधुमेह, आणि मी चहा बिनसाखरेचा पिते. तरी बिद्रीकडचे एक शेतकरी कारखान्याची सभासदांची साखर मिळाली की त्यातली पिशवी खांद्यावर टाकून यायचे आणि आमच्या पायरीवर ठेवायचे. "साहेबास्नी म्हणावं, गोड मानून घ्या." साहेबांना साखरेचा त्रास आहे म्हणून सांगितलं तर म्हणायचे, "मग जरा जपून खावा म्हणावं." पिशवी परत न्यायचा प्रश्नच नाही.

माझे यजमान पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर. चर्चच्या माणसांना आम्ही मंडळी म्हणतो. आमची मंडळी मोठी नाही, आणि श्रीमंत तर मुळीच नाही. पाळकाला पगार असतो. तो लहान असतो आणि लाजाळू असतो, वेळेवर समोर येत नाही. पाळकाच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात. तिला पगार नसतो, नेमणुकीचं पत्र नसतं आणि रजाही नसते. पण दारातून काही ना काही येत राहतं. अंडी येतात, शेंगा येतात, काकवीची बाटली येते. कुणाचा ताप, कुणाची भाऊबंदकी, कुणाच्या पोरीचं मोडलेलं लग्न, तेही त्याच दारातून येतं. चहा मात्र सगळ्यांनाच लागतो.

तर ती साखर मी एका मावशीला द्यायची. मावशी आमच्याच मंडळीतली, मंडईत भाजी विकायला बसायची. आवाज असा की शेपू घ्यायला उभं राहावं आणि कोथिंबीरही घेऊन निघावं. मावशी त्या साखरेचे रव्याचे लाडू करायची आणि डबा भरून आमच्याच घरी आणायची. "साहेबांसाठी केल्यात." तिचं मन मोडू नये म्हणून हे एक खायचे, मग तिच्या देखत आणखी एक. आठवड्यानं रक्त तपासलं की डॉक्टर माझ्यावर डोळे वटारायचे. एकदा मी आजारी माणसाच्या घरी तांबडा भोपळा पाठवला. त्यांनी तो शेजारच्या बाळंतिणीला दिला, तिच्या सासूनं चर्चच्या वॉचमनला, आणि वॉचमनची बायको तो माझ्याकडे घेऊन आली. मी त्याच्या बुडावरच्या डागावरून ओळखला. शेवटी भाजी मीच केली.

हे सगळं मला आवडायचं, उगाच कशाला खोटं बोलू. पण यांचं एक तत्त्व होतं. मंडळीनं आपण होऊन जे दिलं ते घ्यायचं, स्वतःसाठी मागायचं म्हणून नाही. छत गळत असलं तरी नाही. एका गावी आम्ही पावसाळाभर पातेली मांडून झोपलो, कारण ट्रस्टींनी छताविषयी विचारलं नव्हतं आणि यांनी सांगितलं नव्हतं. तत्त्व चांगलंच आहे. तत्त्वाला गुडघे नसतात, एवढीच त्याची सोय आहे. गुडघे मला होते.

किती गावं झाली, किती पाळकांचे बंगले. बंगला हे नुसतं नाव हो. उंच दगडी पायऱ्या, बाहेर नळ, खाली बसून धुणं, खाली बसून भांडी, आणि सणाला पन्नास माणसांच्या पोळ्या. कोल्हापूरला येईपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले होते. कोल्हापुरात ते ओरडायला लागले. गावाचा गुण असेल. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि पेनानं दाखवलं. मधली गादी संपली, हाडावर हाड घासतंय. दोन्ही गुडघे बदलायला हवेत. नाहीतर वर्षा-दोन वर्षांत घरातल्या घरात फिरणंही बंद होईल.

मग खर्च सांगितला. हे म्हणाले, "प्रभू पाहील."

मी म्हटलं, "मग एक्स-रे त्यालाच दाखवू या का?"

डॉक्टरांनी खोकल्याचं निमित्त केलं. सरकारी योजनेत बसतं का म्हणून चौकशी केली, तर आमचं रेशनकार्ड मागच्या मागच्या गावचं निघालं. आमच्याकडे साठवलेलं असं काही नव्हतं. पाळकाच्या घरात जे येतं ते भोपळ्यासारखं पुढं जातं.

मला भीती वाटली. मरायची नव्हे. पलंगावर पडून पाण्यासाठी दुसऱ्याला हाक मारायची, संडासला जायला दुसऱ्याचा खांदा लागायचा, त्याची. लोकांना उठवणं-बसवणं हे माझं काम. मला कोण उठवणार, हा विचार मी कधी केला नव्हता, आणि आता तो डोक्यातून जाईना. पण मंडळीला कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं. कळू देणं म्हणजे मागणंच झालं, असं यांचं म्हणणं. कुणी विचारलं तर मी पाय मुरगळलाय म्हणायची. एवढे महिने कुणाचा पाय मुरगळलेला राहतो, देवच जाणे. लोक मान डोलवायचे, आणि मला वाटायचं, पटलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आम्हा ख्रिस्ती माणसांच्या बोलण्यात गुडघे म्हणजे प्रार्थना. "आम्ही तुमच्यासाठी गुडघ्यांवर आहोत," असं फोनवर सांगतात. "ती बाई गुडघ्यांची फार पक्की," म्हणजे ती पहाटे उठून प्रार्थना करते. ऐकणाऱ्याला नेमकं कळतं, कुणी मलम घेऊन धावत नाही.

त्या वर्षी बुधवारच्या प्रार्थनासभेला माणसं येईनाशी झाली होती. आम्ही दोघं असायचो आणि चर्चचे खजिनदार असायचे. खजिनदार हे एसटीतले निवृत्त कंडक्टर. ते प्रार्थनेला यायचे की पंखे बंद करायला, हे मी कधी विचारलं नाही. हे मनातून फार दुखावले होते. एरवी यांचा आवाज चढत नाही, पण त्या रविवारी चढवायचाच असं ठरवून गेले. संदेशाचा विषय गुडघे. संदेश म्हणजे आमच्याकडे पाळकाचं प्रवचन.

मी त्या दिवशी उशिरा निघाले. उपासनेनंतरच्या चहाचं आधण ठेवलं आणि चर्चच्या पायऱ्यांशी आले, तर दुसऱ्या पायरीवर उजवा गुडघा अडकला. पुढंही जाईना, मागंही येईना. भिंतीला धरून, दात-ओठ खाऊन कशीबशी वर चढले आणि दाराची चौकट धरून उभी राहिले. आतून यांचा आवाज खणखणीत येत होता.

"या मंडळीच्या डोळ्यांदेखत गुडघे आखडत चाललेत. बाहेरून सगळं ठीक दिसतं. भिंतींना रंग आहे, पडदे नवे आहेत. पण आतून गुडघे लटपटतायत, आणि कुणाला त्याची खंत नाही. हे आपण किती दिवस लपवणार आहोत? या घराला आज नव्या गुडघ्यांची गरज आहे."

या घराला म्हणजे देवाच्या घराला. यांच्या मनात तेच होतं, याबद्दल माझी शंभर टक्के खात्री आहे. पण सगळ्या मंडळीनं माना वळवून दाराकडे पाहिलं. दारात मी. चौकट धरलेली, एक पाय हवेत, तोंड वेडंवाकडं झालेलं. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मावशीनं पदर तोंडाला लावला. आणि यांचं आपलं चालूच होतं, कारण यांना लांबचं नीट दिसत नाही.

कोल्हापूरला आडून बोलायची पद्धत नाही. इथला माणूस पावण्यालाही तोंडावर सांगतो, पावणं, तुमी लई खाता बगा. पण आम्ही नगरकडची माणसं, त्यातून पाळक. पाळक बोलणार तो आडवळणानंच, हे मंडळीनं धरून ठेवलेलं. उपासना सुटल्यावर मावशी चहाच्या टेबलाशी आली आणि माझं मनगट धरून म्हणाली, "काय वो बाई, पाय मुरगळलाय म्हणून सांगताय व्हय? साहेबांनी लई चांगलं केलं, सांगून टाकलं. पर सरळ म्हणायचं की, बायकोचं गुडघं गेल्यात म्हणून. त्याला एवढं शास्त्र कशाला लागतंय?"

मी तिच्या हातात चहाचा कप दिला. गुडघे तर खरंच गेले होते.

सोमवारपासून पाये यायला लागले. गुडघ्यांना बकऱ्याच्या पायांचं सूप चांगलं, हे कोल्हापुरात लहान पोरालाही ठाऊक असतं. सकाळी एक डबा, दुपारी एक, संध्याकाळी दोन. कुणी मिरं घालून, कुणी आपला घरचा कांदा-लसूण मसाला घालून. फ्रीजमध्ये दुधाला जागा उरली नाही. वॉचमनच्या बायकोनं निर्गुडीचा पाला आणला. एका घरातून तिळाचं तेल आलं, दुसऱ्यातून कापराचं, आणि एका आजोबांनी घोड्याला लावायचं तेल आणलं आणि बाटलीवरचं घोड्याचं चित्र अंगठ्यानं झाकून धरलं. घराला असा वास सुटला की रस्त्यानं जाणारा माणूस खानावळ समजून डोकावून गेला. हे म्हणाले, "लोकांचं तुझ्यावर प्रेम आहे." मी म्हटलं, "दिसतंय." मंडळीला मुरगळलेल्या पायाची फार काळजी वाटतेय, असं यांच्या मनात पक्कं होतं.

बुधवारी तर कहर झाला. प्रार्थनासभेला चर्च भरलं. माणसं उभी राहिली. खजिनदारांना पंखे बंद करायच्या ऐवजी जास्तीचे लावावे लागले. मी आत आले तशी प्रत्येकाची नजर माझ्या पायांवर. मी साडी जरा खाली ओढली. प्रार्थना एकामागून एक, सगळ्या गुडघ्यांसाठी. "प्रभू, त्या गुडघ्यांना बळ दे." "प्रभू, जे गुडघे झिजले ते नवे कर." हे डोळे मिटून ऐकत होते आणि यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. घरी आल्यावर मला म्हणाले, "इतक्या वर्षांत एखाद्या संदेशानं एवढं काम केलेलं मी पाहिलं नाही." मी पाय शेकत बसले होते. चांगल्या माणसाचा आनंद कोण मोडणार?

तो खजिनदारांनी शनिवारी मोडला. त्यांची नोटा उभ्या दुमडून बोटांत धरायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. तसेच बोटांत नोटा धरून ते आमच्या व्हरांड्यात बसले आणि म्हणाले, "साहेब, बाईंच्या गुडघ्याचं जमत आलंया बगा. इचलकरंजीला यंत्रमागावर आपली पोरं हायत, त्यांचा पगार झाला की त्येंचं येतंय. म्हंजे एकाचं तरी लगेच करता येईल. दुसऱ्याला बी लई दिवस लागायचं न्हाईत."

"एकाचं काय?" यांनी विचारलं.

"गुडघ्याचं वो."

"कसल्या गुडघ्याचं?"

खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या चहाच्या ट्रेकडे पाहिलं.

"तुमीच म्हणाला की. या घराला नव्या गुडघ्यांची गरज हाय म्हणून."

यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "अहो, मी प्रार्थनेविषयी बोलत होतो."

"व्हय की. प्रार्थना बी केली की सगळ्यांनी बुधवारी. आता पैसं."

खजिनदार नोटा पाकिटात घालून ठेवून गेले. मग आमच्यात जे झालं त्याला भांडणच म्हणायचं. हे येरझाऱ्या घालत होते. उद्या लोक काय म्हणतील, पाळकानं पुलपिटावरून, भर संदेशात, बायकोच्या ऑपरेशनचे पैसे मागितले. आयुष्यभर जे केलं नाही ते केल्यासारखं झालं. मी म्हटलं, लोक म्हणतच आहेत, कौतुकानं म्हणतायत. हे म्हणाले, त्यांनी गैरसमजातून दिलंय, गैरसमजाचा पैसा घरात ठेवायचा नाही, उद्याच सांगून टाकतो आणि परत करतो. मी म्हटलं, "करा परत. मग मला उचलून कसं बसवायचं तेही शिकून घ्या. सकाळी आधी संडासला, मग मोरीत, मग पलंगावर. पाठ सांभाळा, मी हलकी नाही."

एवढं लागट मी यांना कधी बोलले नव्हते. हे तिथंच खुर्चीवर बसले. मला वाईट वाटलं, आणि रागही होताच. एकीकडे वाटत होतं, माणूस खरा आहे, म्हणून तर मंडळी जीव टाकते. दुसरीकडे वाटत होतं, तुमचा खरेपणा आणि माझी हाडं. दोघंही न जेवता उठलो. तेव्हा घरात पायांचे तीन डबे होते.

रविवारी सूचनांच्या वेळी हे पुढं झाले. मी पहिल्या रांगेत. हे म्हणाले, "प्रियजनहो, मागच्या संदेशात माझ्या शब्दांनी एक गैरसमज झाला. मी आत्मिक गुडघ्यांविषयी बोललो होतो. तुम्ही प्रेमानं जे दिलंत त्याबद्दल उपकार, पण ते मी मागितलेलं नव्हतं. ज्याचं त्याला परत मिळेल."

मग मागून खजिनदार उभे राहिले. "साहेब, एक विचारू का? म्हंजे बाईंचं गुडघं बरं हाय?"

यांना खोटं बोलता येत नाही. एरवीही येत नाही, पुलपिटावर तर नाहीच. "तसं नाही," हे म्हणाले.

"मग गेल्यात?"

"गेलेत. पण..."

"मग गैरसमज कशाचा झाला?"

मंडळीत हशा पिकला. हे म्हणाले, "मी मागितलं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं."

"आमी कुठं म्हणतोय तुमी मागितलं? आमी दिलं की. आणि परत बिरत काय न्हाय बगा. एकदा तिकीट फाडलं की फाडलं."

आता हे अडले. एका बाजूला तत्त्व, दुसऱ्या बाजूला कंडक्टर. हे पाकीट हातात घेऊन उभे, आणि मंडळी माझ्याकडे बघत. मला दिसलं, हे आता पाकीट टेबलावर ठेवणार आणि आशीर्वाद देऊन मोकळे होणार. माझं चालणं त्या पाकिटाबरोबर जाणार. मी पुढच्या बाकाला धरून उभी राहिले. मंडळीसमोर मी आजवर फक्त सूचना दिलेल्या. महिला मंडळ चार वाजता, येताना डबा आणा.

"साहेब खरं सांगतायत," मी म्हटलं. "ते प्रार्थनेविषयीच बोलत होते. त्यांनी मागितलं नाही, ते कधी मागणारही नाहीत. मी मागते. मला चालायचंय. मला फार दुखतं, आणि मला भीती वाटते. मला गुडघे द्या."

माझा आवाज शेवटाला फाटला. इतकी वर्षं लोकांच्या हातात डबे ठेवले, आपला हात रिकामा पुढं करायला इतकं जड जातं हे मला ठाऊक नव्हतं. मग मावशीचा मंडईतला आवाज आला.

"मग बसा की खाली. उभं ऱ्हाऊन आणि कशाला झिजवताय?"

मी बसले. हसावं की रडावं कळेना, दोन्ही झालं. यांनी पाकीट खजिनदारांच्या हातात परत दिलं आणि गीताचा क्रमांक चुकीचा सांगितला. मंडळीनं लग्नाचं गीत म्हटलं. घरी आल्यावर हे माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मला नसतं जमलं." मी म्हटलं, "ठाऊक आहे." मग आम्ही पायांचं सूप गरम करून प्यालो.

ऑपरेशन झालं. आधी उजवा, मग यंत्रमागावरच्या पोरांचे आणि आणखी कुणाकुणाचे पैसे आल्यावर डावा. खजिनदारांनी डेपोत लावतात तशी बायकांची ड्युटी लावली. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रीची मुक्कामी. पाळी बदलताना दोघी कॉरिडॉरमध्ये अशा मोठ्यानं बोलायच्या की नर्स धावत यायची. शेजारच्या खाटेवर हातकणंगल्याकडच्या एक शेतकरीण बाई होत्या, त्या एक दिवस म्हणाल्या, "तुमची भावकी लई मोठी दिसतीया." मी हो म्हटलं. त्यांना समजावत कोण बसणार, आणि त्या तरी कुठं चुकीचं बोलत होत्या.

मला तिथं कुणाला चहा देता आला नाही, हे फार अवघड गेलं. लोक यायचे, खाटेशी उभे राहायचे, आणि माझ्या हातात काही नाही. पहिल्या दिवशी मावशीनं मला नर्सबरोबर उठवून कमोडवर बसवलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले. ती म्हणाली, "रडायचं ते रडा, पर जोर लावा." मी जोर लावला.

सुटी देताना डॉक्टरांनी नियम सांगितले. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, भारतीय पद्धतीचा संडास वापरायचा नाही. "आणि गुडघे जमिनीवर टेकायचे नाहीत. कधीच नाही."

खजिनदार बिलाचे कागद घेऊन शेजारी उभे होते. त्यांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे. "म्हंजे साहेबांनी सांगितलं गुडघं टेका, आमी गुडघं दिलं, आणि आता ती टेकायचीच न्हाईत?"

हे इतके हसले की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. किती दिवसांनी हसले होते.

परत चर्चला गेले तेव्हा माझ्यासाठी मागं दाराशी हातांची प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली होती, पाय लांब करायला जागा सोडून. आजवर मी कायम पहिल्या रांगेत. पापकबुलीच्या प्रार्थनेला आमच्याकडे सगळे जाजमावर गुडघे टेकतात. हे म्हणाले, "आपण गुडघे टेकू या," आणि सगळी मंडळी खाली गेली, मी तेवढी खुर्चीत. मला लाज वाटली. म्हणून मी डोळे मिटायच्या ऐवजी समोर पाहत राहिले.

इतक्या वर्षांत मी मंडळीला गुडघे टेकताना पाहिलंच नव्हतं. पुढं बसायची आणि डोळे मिटायची. आता मागून सगळं दिसत होतं. खजिनदारांनी आधी बाकाची कड धरली, मग एक हात जमिनीवर ठेवला, आणि खाली जाता जाता श्वास रोखला. पँट वर सरकली तर आत गुडघ्याला चढवायची पट्टी. घोड्याच्या तेलाचे आजोबा एकाच गुडघ्यावर होते, दुसरा पाय वाकतच नव्हता, तो बाजूला सरळ पसरलेला. वॉचमनची बायको जाजमावर बसूनच राहिली होती. मावशी माझ्या अगदी पुढं. तिच्या टाचांना पाण्यानं आणि मातीनं भेगा पडलेल्या, आणि खाली जाताना तिनं असा एक आवाज केला की मी तो लगेच ओळखला. तोच माझ्या तोंडून निघायचा. हाडावर हाड घासलं की निघतो.

या माणसांनी माझे गुडघे विकत घेतले होते. मी मागितले तेव्हा एकानंही आपले दाखवले नव्हते. प्रार्थना काय चालली होती ते मला ऐकू आलं नाही.

आमेन झालं. लोक बाकांना धरून, एकमेकांना धरून उठायला लागले. मावशी दोनदा उठायला गेली आणि दोनदा खाली बसली. मी खुर्चीतून उठले, तिच्या काखेत हात घातला आणि तिला वर घेतलं. तिला खुर्चीकडे वळवलं तर ती म्हणाली, "मी कशाला बसू? मी काय पाळकीण हाय व्हय?"

"किती दिवस दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय की. तुमास्नी काय करायचंय?"

"गप बस," मी म्हटलं, आणि तिला खुर्चीत बसवलं. आजवर मी तिला अहो-जाहो करत आले होते. ती बसली. पदरानं तोंड पुसलं आणि पाय लांब केले.

मी तिच्या शेजारी भिंतीशी उभी राहिले. हे संदेशाला उठले आणि वरून मला बस, बस अशी खूण करायला लागले. लांबचं दिसत नसतानाही यांना मी उभी असल्याचं कसं दिसलं कोण जाणे. मी मान हलवून नाही म्हटलं. संदेश नेहमीसारखा लांबला. मी शेवटपर्यंत उभी होते. मला उभं राहता येत होतं.